इंधनपंपाचे विद्युत दोषनिदान (जुन्या मोटारसायकली)

कार्ब्युरेटरच्या बहुतेक मोटारसायकलींत पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानेच खाली उतरते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ते दाबाने पोचवावे लागते आणि त्यासाठी विजेवर चालणारा पंप लागतो. बीएमडब्ल्यूच्या 1983 सालच्या के 100 मध्ये असा पंप टाकीतच बसवलेला होता. भारतात हीरो होंडाची ग्लॅमर एफआय 2006 मध्ये, तर बजाजची पल्सर 220 डीटीएस-एफआय 2007 मध्ये आली. या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. त्यांच्यात पेट्रोल चढले नाही की पहिला संशय पंपावर जातो आणि महागडा पंप बदलला जातो. कित्येकदा पंप निर्दोष असतो. त्याला वीजच पुरेशी मिळत नसते.

बऱ्याच गाड्यांत चावी फिरवताच पंप दोन-तीन सेकंद घुमतो आणि थांबतो. हा आवाज आला नाही तर आधी किल स्विच, गाडी पडल्यावर पुरवठा तोडणारा सेन्सर, फ्यूज आणि बॅटरी पाहावी. पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. काही जुन्या गाड्यांत मात्र इंजिन फिरू लागल्यावरच पंपाला वीज मिळते. त्यामुळे चावीवर आवाज नाही म्हणजे दोष आहेच, असे मॅन्युअल पाहिल्याशिवाय ठरवू नये.

पंपाला वीज पुरवणाऱ्या रिलेचा ‘टक्’ आवाज आला म्हणजे त्याच्या कॉइलला वीज मिळाली, एवढेच कळते. आतले संपर्क जळालेले असले तरी तो आवाज येतो.

खरी गफलत होते ती मल्टिमीटर लावताना. पंपाचा कपलर सोडवून मोजले तर 12 व्होल्ट दिसतात आणि वायरिंग ठीक आहे असा निष्कर्ष निघतो. पण मीटर जवळपास काहीच विद्युतप्रवाह घेत नाही, तर पंप काही अँपिअर घेतो. गंजलेल्या एका जोडात 1 ओहम रोध असेल आणि पंप 4 अँपिअर ओढत असेल, तर 4 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि पंपाला जेमतेम 8 उरतात. म्हणून कपलर जोडलेला ठेवून, पंप चालू असतानाच मोजावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला व दुसरे पंपाच्या धन तारेला लावावे. नंतर तसेच ऋण बाजूला. कोणत्याही बाजूला अर्ध्या व्होल्टहून अधिक घट दिसली, तर त्या मार्गातला एकेक जोड तपासत जावे. अर्थिंगची बाजू सर्रास विसरली जाते. फ्रेमवरचा गंजलेला बोल्ट हे नेहमीचे कारण आहे. दोष मधूनच येत असेल, तर हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहावे. तिथे हार्नेस सतत वाकतो आणि तांब्याच्या तारा आवरणाच्या आत तुटतात.

पंपापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचूनही तो फिरत नसेल, तरच दोष पंपाचा. तो मॅन्युअलमधल्या आकड्याहून फार कमी प्रवाह घेत असेल तर कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. फार जास्त घेत असेल तर आत कचरा अडकला असावा किंवा फिल्टर तुंबला असावा. काम मोकळ्या हवेत करावे आणि टाकी उघडी असताना तारा टेकवून ठिणगी पाडू नये. पंप कोरडा चालवणेही टाळावे. टाकीतल्या पंपाला भोवतालचे पेट्रोलच थंड ठेवते. टाकी तळाला जाईपर्यंत गाडी दामटायची सवय असेल, तर नवा पंपही लवकर निकामी होतो.