ग्वीझ गावची एक जुनी इमारत



राजवाड्यांचा व किल्ल्यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. परंतु कामगारांनी भाडे भरून राहिलेल्या इमारतीलाही इतिहास असतो. अशाच एका इमारतीची हकीकत आज आपल्यापुढे ठेवीत आहे. उत्तर फ्रान्समध्ये वाझ नदीकाठी ग्वीझ नावाचे लहानसे गाव आहे. तेथील ‘फामिलिस्तेर’ ही ती इमारत होय.

ती बांधणारे ज्याँ-बाप्तिस्त आन्द्रे गोदँ यांचा जन्म १८१७ साली एका लोखंडकाम करणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. त्यांच्या खेड्यातील शाळेत सुमारे १४० मुले कोंदट हवेत दाटीवाटीने बसत. लहान वयातच शाळा सुटली व ते वडिलांच्या हाताखाली काम करू लागले. पुढे घर उबदार ठेवणाऱ्या ओतीव लोखंडाच्या शेगड्या तयार करून ते मोठे कारखानदार झाले. पैसा हाती आला, तरी तो कोंदट वर्ग ते विसरले नाहीत.

१८५९ साली त्यांनी कारखान्याजवळ कामगारांसाठी बांधकाम सुरू केले. पुढील वीस वर्षांत एकमेकींना जोडलेल्या तीन इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येकीत काचेच्या छपराचा मोठा चौक, चौकाभोवती मजल्यामजल्यावर गॅलऱ्या आणि गॅलरीत उघडणारी बिऱ्हाडे. आपल्याला आपल्या चाळीच आठवतील! मात्र येथे उजेड, खेळती हवा आणि प्रत्येक मजल्यावर पाणी यांची सोय पहिल्यापासून होती. पोहण्याच्या हौदाचा तळ वरखाली करता येई, म्हणून लहान मुलेही निर्धास्त पोहायला शिकत. श्रीमंताच्या घरातील सुखसोयी गरिबाला एकट्याने परवडत नाहीत, पण सर्वांनी मिळून त्या मिळविता येतात, असा गोदँ यांचा विचार होता.

या विचारात शिक्षणाला मोठे स्थान होते. तान्ह्या मुलांसाठी संगोपनगृह, पुढे बालवर्ग व नंतर शाळा अशी व्यवस्था होती. मुले व मुली एकत्र शिकत. शिक्षण मोफत होते आणि चौदाव्या वर्षापर्यंत सक्तीचे होते. फ्रान्स सरकारने प्राथमिक शिक्षण १८८१ साली मोफत व १८८२ साली सक्तीचे केले, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. मारी मोरे या विदुषींनी शिक्षणाच्या कामात गोदँ यांना मोलाची साथ दिली. दर सप्टेंबरात काचेच्या छपराखाली बालदिन साजरा होई व बक्षिसे वाटली जात.

१८८० साली गोदँ यांनी सहकारी संस्था स्थापन केली व कारखाना आणि घरे हळूहळू कामगारांच्या मालकीची झाली. १८८८ साली ते निवर्तले. १९१४ च्या युद्धात डाव्या अंगाची इमारत जळाली, ती पुन्हा बांधली गेली. अखेर १९६८ साली संस्था बरखास्त झाली व घरे खासगी मालकीची झाली. आता तेथे संग्रहालय आहे आणि काही कुटुंबे राहतातही.

एक उणीवही सांगितली पाहिजे. घरे मोजकीच होती. कालांतराने जुन्या रहिवाशांच्या वारसांना अग्रक्रम मिळू लागला, आणि त्याच कारखान्यात राबणारे अनेक कामगार बाहेरच राहिले. आत आलेल्यांनी आपल्यामागे दार लावून घेतले.

वाचकहो, आपली मुले आज चांगल्या वर्गात बसत असतील, तर दाराबाहेर कोण उभे आहे तेही पाहू या. शेजारच्या घरातील एखादे मूल शाळेत जात नसेल, तर येत्या जूनमध्ये त्याचे बोट धरून त्याला शाळेत घेऊन या.