गोधडीतील भर : महाराष्ट्रातील पांघरुणाचा सामाजिक-आर्थिक इतिहास

गोषवारा

हाताने शिवलेल्या पांघरुणाच्या दोन पदरांमध्ये काय घालावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ घरगुती कौशल्याचा वाटतो. तथापि महाराष्ट्रासारख्या कापूस पिकविणाऱ्या प्रदेशात सर्वसामान्य कुटुंबाची गोधडी कापसाऐवजी जुन्या कापडाने भरली गेली, ही वस्तुस्थिती इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे. प्रस्तुत लेखात या वस्तुस्थितीची तांत्रिक व आर्थिक कारणे तपासली आहेत. तसेच पिंजारी समाजाचा व्यवसाय, एकोणिसाव्या शतकातील कापूस व्यापार, गिरणीचे कापड आणि कृत्रिम धागा यांचा गोधडीच्या भरीवर झालेला परिणाम मांडला आहे.

बीजसंज्ञा : गोधडी, वाकळ, लेप, पिंजारी, कापूस व्यापार, गिरणी कापड, स्त्रीश्रम.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या वस्त्रपरंपरेचा अभ्यास प्रामुख्याने पैठणी, हिमरू, इरकल अशा प्रतिष्ठित वस्त्रांभोवती केंद्रित झालेला दिसतो. राजाश्रय, व्यापारी पेढ्या व संग्रहालये यांमुळे या वस्त्रांची साधने टिकून राहिली. गोधडीच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. गोधडी वापरून झिजते. झिजल्यावर नव्या गोधडीच्या पोटात जाते किंवा जमीन पुसण्याच्या कामी येते. स्वतःचा पुरावा स्वतःच नष्ट करणारी ही वस्तू आहे. म्हणूनच तिच्या इतिहासासाठी शब्दकोश, गॅझेटिअर, कापसाच्या व्यापाराचा इतिहास आणि प्रत्यक्ष शिवणतंत्र या सर्व साधनांची एकमेकांशी सांगड घालावी लागते.

गोधडीविषयी जे थोडे लेखन झाले आहे, त्यात तिच्या रंगसंगतीचे व मायेच्या उबेचे वर्णन अधिक आढळते. तिच्या पोटात काय आहे आणि ते का आहे, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. तो प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती विषय आहे.

२. पांघरुणाचे प्रकार आणि त्यांतील भर

मराठीत पांघरुणासाठी असलेल्या शब्दांची विविधता लक्षणीय आहे. गोधडी, वाकळ, लेप, दुलई, रजई, दुपटे, घोंगडी हे शब्द समानार्थी नाहीत. लेप, दुलई व रजई यांत सामान्यतः पिंजलेला कापूस असतो. गोधडी व वाकळ यांत जुन्या कापडाचे थर असतात. पश्चिम व दक्षिण महाराष्ट्रात तसेच गोव्यात ‘वाकळ’ हा शब्द रूढ आहे. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात गोधडी व वाकळ या दोन्ही शब्दांची नोंद आढळते. धनगरांनी मेंढीच्या लोकरीपासून विणलेल्या घोंगडीला तर भरीची गरजच नसते.

शब्दांतील हा भेद आर्थिक स्तराचाही निदर्शक आहे. कापसाची गादी व लेप ही सुस्थित घरातील वस्तू. गोधडी व वाकळ ही शेतकरी, कारागीर व मजूर यांच्या घरातील. संत गाडगे महाराज (१८७६-१९५६) यांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत, यातही हाच सामाजिक संकेत आहे. चिंध्यांचे वस्त्र हे दारिद्र्याचे चिन्ह होते. त्यांनी ते वैराग्याचे चिन्ह म्हणून धारण केले आणि लोकांना त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

भरीच्या निवडीत निसर्गाचाही वाटा होता. सावरीच्या म्हणजे शाल्मलीच्या बोंडातून निघणारा कापूस हलका व गुळगुळीत असतो. त्याचे तंतू एकमेकांत गुंतत नसल्यामुळे त्यापासून सूत काढता येत नाही. मात्र उशी भरण्यासाठी तो उत्तम ठरतो. तेच तंतू पांघरुणात घातले तर ते टाक्यांना न जुमानता एका कोपऱ्यात गोळा होतात. म्हणून सावरीचा कापूस उशीपुरता राहिला. कोणती भर कोठे चालते, याचे हे ज्ञान लिखित स्वरूपात नसले तरी ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेले होते.

३. पिंजारी : कापसाच्या भरीचा कारागीर

सरकी काढलेली रुई तशीच पांघरुणात घालता येत नाही. तिचे तंतू मोकळे करून त्यांत हवा खेळवावी लागते. ऊब ही मुख्यतः तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे मिळते. कापूस दबला की ही हवा निघून जाते आणि पांघरूण जड असूनही थंड लागते. कापूस मोकळा करण्याचे काम पिंजारी करीत असे. लांब लाकडी दांड्याला ताणून बांधलेली तात, आणि त्या तातीवर आघात करण्यासाठी लाकडी ठोकळा, एवढेच त्याचे साधन. तातीच्या कंपनाने कापूस उडून मोकळा होई व त्यातील कचरा खाली पडे.

या धनुष्याकृती साधनाच्या भारतातील प्रसाराविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. इरफान हबीब यांनी त्याचा संबंध तुर्की सत्तेच्या आगमनानंतरच्या तांत्रिक बदलांशी जोडला. इतर अभ्यासकांनी हे साधन त्यापूर्वीही ज्ञात असल्याचे प्रतिपादन केले. महाराष्ट्रापुरते असे दिसते की, हा व्यवसाय प्रामुख्याने पिंजारी, नदाफ, मन्सुरी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मुस्लिम कारागिरांच्या हाती होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये तसेच रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६च्या ग्रंथात या समाजाची नोंद आहे.

पिंजाऱ्याचे काम एकदाच होऊन संपत नसे. घाम व दमटपणा शोषून कापसाच्या गाठी बनत आणि काही वर्षांनी गादी किंवा लेप उसवून कापूस पुन्हा पिंजावा लागे. अर्थात, कापसाची भर निवडणे म्हणजे कापसाच्या किमतीबरोबर पिंजाऱ्याची वेळोवेळीची मजुरीही स्वीकारणे होय. शिवाय कापसाचे पांघरूण धुता येत नाही. ते उन्हात घालून निभवावे लागते. ज्या घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे आणि पांघरुणे मोजकीच आहेत, तेथे ही अडचण निर्णायक ठरे.

४. कापसाच्या प्रदेशातील विरोधाभास

येथे मूळ प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे. वऱ्हाड व खानदेश हे कापसाचे प्रदेश. ज्यांच्या शेतात कापूस पिकत होता, त्यांच्या पांघरुणात तो का नव्हता?

वर सांगितलेली तांत्रिक कारणे याचे अर्धे उत्तर देतात. उरलेले अर्धे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या आर्थिक इतिहासात आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि पश्चिम भारतातील कापसाचे भाव कमालीचे वाढले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. अमरावती, खामगाव, हिंगणघाट येथील बाजारपेठा मुंबई बंदराशी, आणि त्यामार्गे परदेशी बाजाराशी थेट जोडल्या गेल्या.

या घडामोडींचे गावपातळीवर दोन परिणाम झाले. पहिला परिणाम असा की, कापूस हे घरखर्चाचे पीक न राहता सारा व कर्ज फेडण्याचे पीक बनले. युद्धसमाप्तीनंतर १८६५ मध्ये भाव कोसळले. परंतु कर्जाचा बोजा तसाच राहिला. दख्खनमधील शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचा उद्रेक १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत झाला. अशा परिस्थितीत शेतातील कापूस घरात येण्यापूर्वीच सावकाराच्या हिशेबात जमा झालेला असे. दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. पूर्वी सरकी काढण्याचे काम गावात हातचरकीवर होई. वाफेवर चालणारे जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने सुरू झाल्यावर सरकीसह कापूस थेट बाजारपेठेत जाऊ लागला. परिणामी गावात कापूस दिसत असला तरी भरीसाठी उपयुक्त अशी रुई सहज उपलब्ध राहिली नाही. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांच्या संबंधावर केलेल्या अभ्यासातूनही निर्यातप्रधान कापूस व्यापाराने स्थानिक अर्थव्यवस्थेची केलेली मोडतोड स्पष्ट होते.

गोधडीतील जुने लुगडे हे या अर्थाने कापूस व्यापाराचे उलट बाजूने ठेवलेले खाते आहे. कापूस बाहेर गेला. तो कापड होऊन परत आला. ते कापड अंगावर फाटल्यावरच पांघरुणाच्या वाट्याला आले.

५. गिरणीचे कापड आणि गोधडीची जाडी

जुने कापड भर म्हणून वापरण्यासाठी घरात जुने कापड असावे लागते. ही बाब स्वयंस्पष्ट वाटली तरी तिचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. गिरण्यांच्या विस्ताराबरोबर स्वस्त कापड खेडोपाडी पोहोचले. हातमागाच्या विणकरांसाठी ही आपत्ती होती; त्याच वेळी सामान्य घरात जीर्ण वस्त्रांचा साठा वाढण्यास तिचा हातभार लागला असावा. याउलट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची तीव्र टंचाई निर्माण झाली व १९४३ मध्ये कापड आणि सूत नियंत्रण आदेश लागू करावा लागला. अशा काळात वस्त्र अधिक काळ अंगावर वापरले जाई आणि भरीसाठी उरणारे कापड अधिक विरलेले असे, हे अनुमान सयुक्तिक ठरते.

गोधडीचे शिवणतंत्रही या भरीशी सुसंगत आहे. मऊ झालेली नऊवारी लुगडी व धोतरे वरच्या-खालच्या पदरांसाठी आणि आखूड, फाटके तुकडे मधल्या थरांसाठी वापरले जातात. कडेपासून आत येत जाणारा धावदोरा सर्व थर एकत्र बांधतो. टाके जितके जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. ती धुता येते, तिला पिंजाऱ्याची गरज लागत नाही आणि एखादी जागा विरली तर तेवढ्यावर ठिगळ लावता येते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. ते अंथरूण वाढविण्याचे काम मात्र घरातील स्त्रीने शेतीच्या कामातून उरलेल्या वेळात केले. या श्रमाची नोंद कोणत्याही जमाखर्चात झाली नाही.

६. तुलनात्मक दृष्टी

जुन्या कापडाचे थर शिवण्याची परंपरा बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंधची रल्ली यांतही आढळते. गोव्याशी ऐतिहासिक संबंध असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. तिच्या चार कोपऱ्यांवर कापडाची ‘फुले’ लावल्याशिवाय ती पूर्ण मानली जात नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील गीज बेंड येथील आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या या कुटुंबांतील स्त्रिया जिनच्या जमिनीवर पडलेला कापूस गोळा करून, झोडपून तो पांघरुणात भरत. तेथे कापसाची सांडलवंड हाती लागली, येथे फाटके लुगडे. दोन्ही ठिकाणी कापूस पिकविणाऱ्याच्या वाट्याला कापसाचा अवशेषच आला.

७. कृत्रिम धागा आणि भरीचे संकट

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेरिकॉट व नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या ग्रामीण भागात रूढ झाल्या. त्या टिकाऊ व धुण्यास सोप्या असल्याने स्त्रियांचे कष्ट कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु गोधडीच्या दृष्टीने हा बदल मूलगामी होता. कृत्रिम धाग्याचे कापड घाम शोषत नाही, वापराने सुती लुगड्यासारखे मऊ होत नाही आणि त्याचे थर एकमेकांवरून घसरतात. जुन्या कापडाची उपलब्धता वाढली; भर म्हणून त्याची योग्यता घटली.

त्याच सुमारास कापूसही बदलला. आखूड व भरड धाग्याचे देशी वाण पिंजल्यावर फुगून राहतात, म्हणून ते गादी-लेपासाठी उपयुक्त. १९७० मध्ये सुरत येथे विकसित झालेल्या ‘एच-४’ या संकरित वाणापासून आणि २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाल्यापासून लांब धाग्याच्या अमेरिकन जातींच्या संकरित वाणांनी शेते व्यापली. यंत्रावर कापूस पिंजण्याची सोय आणि फोमच्या गाद्या यांमुळे दारोदार फिरणाऱ्या पिंजाऱ्याचा व्यवसाय मोडकळीस आला. आता शहरी ग्राहकांसाठी बचत गटांमार्फत शिवल्या जाणाऱ्या काही गोधड्यांत नवे कापड व पॉलिएस्टरची तयार भर वापरली जाते. त्यांतून स्त्रियांना रोख उत्पन्न मिळते, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र अशा गोधडीत घरातील वस्त्रांचा क्रम जपला जात नाही.

८. निष्कर्ष

१) गोधडीत जुन्या कापडाची भर घालणे ही केवळ दारिद्र्याची अगतिकता नव्हती, धुण्याची सोय, टिकाऊपणा व पिंजाऱ्याच्या मजुरीपासून मुक्तता यांचा तो सुजाण विचार होता.

२) तथापि या निवडीची चौकट निर्यातप्रधान कापूस व्यापाराने व कर्जबाजारीपणाने आखून दिली होती. चौकटीतील शहाणपणाचा गौरव करताना चौकटीचा विसर पडू नये.

३) लेप व गोधडी यांतील भेद हा पिंजारी कारागीर व गृहिणी यांच्या श्रमांतील भेद आहे. पहिल्याला मजुरी मिळाली, दुसरीला मिळाली नाही. दोन्ही श्रम आज सारखेच विस्मृतीत जात आहेत.

४) जुनी सुती गोधडी ही दोन-तीन पिढ्यांच्या वस्त्रांचा थरांनी रचलेला दस्तऐवज आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या परिसरातील अशा गोधड्यांची, त्या शिवणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या व पिंजारी कुटुंबांच्या आठवणींची नोंद करणे निकडीचे आहे. कागदपत्रे पुढच्या पिढीलाही वाचता येतील. गोधडीतील कोणता थर कोणाच्या लुगड्याचा, हे सांगणारी माणसे तेव्हा नसतील.