शनिवारची शाळा आणि शक्तिमान

आम्ही दोघे विज्ञानाचे शिक्षक. एकाची नोकरी नांदेडला झाली, दुसऱ्याची लातूरला. दोन्ही ठिकाणी शनिवारी शाळा सकाळची असे आणि साडेअकराच्या आत सुटे. १९९७ च्या पावसाळ्यापर्यंत शनिवारी शेवटचा तास घेणे हे सोपे काम होते. १३ सप्टेंबर १९९७ ला दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला आणि ते सोपेपण गेले. अकरा वाजले की पाठीमागच्या बाकांवर दप्तरे भरली जात. कुणाच्या पोटात दुखे, कुणाच्या घरी पाहुणे येत. पुढे ही मालिका रविवारी दुपारी दाखवू लागले, त्याचे एक कारण शनिवारच्या शाळेतून पळणारी मुले हे होते, असे शक्तिमानचे काम करणारे आणि मालिकेचे निर्माते मुकेश खन्ना यांनी नंतर सांगितले. आमच्या हजेरीपटाची साक्ष काढली असती तर तीही हीच निघाली असती.

या मालिकेला विज्ञानकथा म्हणावे का, यावर शिक्षकांच्या खोलीत बरेच वाद झाले. नायकाची शक्ती योगसाधनेतून आणि पंचमहाभूतांतून आलेली. विज्ञान जाणणारा ठळक माणूस एकच, डॉक्टर जॅकाल, आणि तो वेडा व दुष्ट! प्रयोगशाळा म्हणजे रंगीत पाण्याच्या चंचुपात्रांतून निघणारा धूर. विज्ञानशिक्षकाला राग यावा असाच हा मामला होता. केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' ही १९९८ मधली मालिका विज्ञानकथेच्या अधिक जवळची होती. पण आमच्या मुलांच्या तोंडी नाव शक्तिमानचेच. त्यांच्या दृष्टीने उडणारा माणूस, यंत्रमानव आणि परग्रहावरचे प्राणी एकाच गोष्टीत असले की ती विज्ञानाची गोष्ट झाली. आम्हीही मग वाद सोडून दिला.

एक गोष्ट मात्र सोडून देता येण्यासारखी नव्हती. मुले शक्तिमानची नक्कल करून जखमी होत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. खन्ना यांनी हे आरोप नाकारले, आणि अशी सगळी वृत्ते खरी होती असेही नाही. पण आमच्याकडे धाब्याच्या घरांची माळवदे शेजारीशेजारी असतात आणि मुले त्यांवर दिवसभर खेळतात. आम्ही फळ्यावर गणित मांडले. माळवद ४ मीटर उंच, गुरुत्वत्वरण ९.८. जमिनीवर पोहोचायला सुमारे ०.९ सेकंद आणि पोहोचतानाचा वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर. 'सायकल इतक्या वेगात भिंतीवर धडकली तर?' एवढेच विचारले. गतीच्या समीकरणांचा तास वर्गाने इतका मन लावून त्यापूर्वी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

मालिका साडेसात वर्षे चालली. पाचवीत असताना ती पाहू लागलेली मुले बारावी ओलांडून गेली. शेवटच्या दोनतीन वर्षांत तक्रारी वाढल्या. मागच्या भागातलेच पुन्हा दाखवतात, गोष्ट पुढे सरकत नाही, खलनायक मरतो आणि परत येतो. लातूरच्या एका मुलाने शंभरपानी वही केली होती. शक्तिमानने कोणती शक्ती कधी वापरली आणि गरज असताना कधी वापरली नाही, याची ती नोंद. 'सर, मागच्या वर्षी हेच कुलूप त्यानं नुसत्या बोटानं तोडलं व्हतं. मंग आता काय झालं?' हा त्याचा प्रश्न. निरीक्षण, नोंद, विसंगती, प्रश्न. प्रयोगवहीत आम्ही हेच मागत होतो आणि ते मिळत नव्हते. तरी आम्ही ती वही तासाला जप्त केली.

लांबलेली गोष्ट अशी का अडखळते, हे आयझॅक अॅसिमॉव्ह यांच्या अनुभवावरून कळते. त्यांच्या 'फाउंडेशन' मालिकेतील पहिली कथा मे १९४२ मध्ये एका अमेरिकन मासिकात आली. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा गिबनने लिहिलेला इतिहास डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी एका तारकासाम्राज्याचा ऱ्हास आणि त्यानंतरची हजार वर्षांची योजना कल्पिली. १९५० च्या जानेवारीत त्यांनी ती थांबवली, तेव्हा हजारांतली चारशे वर्षेही पुरी झाली नव्हती. कंटाळण्याचे कारण त्यांनी स्वतःच सांगितले आहे. प्रत्येक नव्या कथेत आधीचे सगळे वाचकाला सांगावे लागे, आणि आधी लिहिलेल्या प्रत्येक वाक्याशी नवे वाक्य जुळवावे लागे. ओझे दर कथेगणिक वाढते. वाचकांनी तीस वर्षे तगादा लावला. पुढचा भाग १९८२ मध्ये आला. १९८६ च्या कादंबरीनंतर पुढे कसे न्यावे हे न सुचल्याने ते गोष्टीच्या सुरुवातीच्याही मागे गेले. १९९२ मध्ये ते वारले. हजार वर्षे त्यांच्या हातून पुरी झालीच नाहीत.

मराठी वाचकालाही ही वाट पाहणे नवे नाही. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळ कोकिळ' मासिकाने ज्यूल व्हर्न यांची चंद्रप्रवासाची कादंबरी १९०० च्या सुमारास क्रमशः देण्यास आरंभ केला, तेव्हापासून आपला वाचक 'पुढील अंकी' या शब्दांवर रागावत आला आहे.

शक्तिमान मार्च २००५ मध्ये संपला. त्यामागे गोष्टीपेक्षा हिशेबच अधिक होता. त्या काळी पुरस्कृत मालिकेचा निर्माता दूरदर्शनला दर भागामागे शुल्क भरी आणि त्याबदल्यात मिळालेला जाहिरातींचा वेळ विकून खर्च भागवी. खन्ना यांनी नंतर मुलाखतींत सांगितले, की हे शुल्क आरंभी पावणेचार लाखांच्या आसपास होते, रविवारी गेल्यावर दुप्पट झाले, पुढे दहा लाखांच्या वर गेले, आणखी वाढणार म्हटल्यावर त्यांनी मालिका थांबवली. ही बाजू निर्मात्याची आहे, हे ध्यानात ठेवावे. मुलांना तर यातले काहीच माहीत नव्हते.

त्या दिवसांत भारनियमन वाढत चालले होते. खेड्यांतून येणारी मुले शेवटचे भाग कसे पाहत, तेही सांगितले पाहिजे. बारा व्होल्टवर चालणारा लहान कृष्णधवल संच थेट ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडत. असा संच पंधरा-वीस वॅट घेतो, म्हणजे दीड अँपिअरच्या आसपास. अर्ध्या तासाच्या भागाला बॅटरीतला एक अँपिअर-तासही लागत नाही. हे गणित कुणी न शिकवता पोरांनी जमवले होते. इतके करून पाहिलेली गोष्ट संपली तेव्हा सोमवारी वर्गात एकच ओरड होती. 'आसं कसं संपलं, सर?'

लातूरच्या सातवीच्या वर्गाने पोस्टकार्डे लिहिली. अडतीस. हिंदीत, कारण मुंबईला कळले पाहिजे. कुणी विनवले होते, कुणी धमकावले होते, एकीने पुढच्या भागाची गोष्टच लिहून पाठवली होती. आम्ही ती तपासायला म्हणून घेतली, लाल शाईने मात्रा-वेलांट्या दुरुस्त केल्या, आणि 'टाकतो' म्हणून कपाटात ठेवली. परीक्षा जवळ आली होती. मालिकेसाठी पत्रे लिहिणे हा आम्हाला पोरखेळ वाटला.

तो पोरखेळ नव्हता, हे आम्ही नंतर वाचले. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' मालिका (आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर दिसली) दुसऱ्या वर्षी बंद होणार अशी वार्ता पसरली, तेव्हा १९६७ च्या अखेरीपासून प्रेक्षकांनी कंपनीला एक लाखाहून अधिक पत्रे पाठवली. कॅलिफोर्नियाच्या तंत्रविज्ञान संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. १ मार्च १९६८ ला मालिका चालू राहील असे पडद्यावरच जाहीर करावे लागले. तिसऱ्या वर्षासाठी शुक्रवारी रात्री दहाची गैरसोयीची वेळ मिळाली आणि १९६९ मध्ये ती बंद झालीच. परंतु त्या जादा वर्षामुळे ७९ भाग जमले, आणि पुन्हा पुन्हा दाखवण्याइतके भाग असल्यानेच ती पुढे जगभर गेली. अडतीस पोस्टकार्डांनी लातूरहून काही घडले असते असे आम्ही म्हणत नाही. ती पेटीत पडली नाहीत, एवढेच.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने शक्तिमान पुन्हा दाखवला. त्या सातवीतल्या एकाचा फोन आला. आता त्याला मुलगी आहे, तीही पाहत होती. बोलता बोलता त्याने विचारले, 'सर, आपली पत्रं पोचली व्हती का हो?' आम्ही खरे ते सांगितले. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'माझ्या कार्डावर किती चुका काढल्या व्हत्या?'

कार्डे अजून आमच्याकडे आहेत. त्याच्या कार्डावर सहा आहेत.