घोरावडेश्वरचा कातळ आणि सहा महिने उशिरा पोहोचणारा उन्हाळा

१/ पिंपरी-चिंचवडहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने तळेगावकडे जाताना घोरावडेश्वरचा डोंगर लागतो. त्याच्या कातळात प्राचीन बौद्ध लेणी आहेत. पुढे तेथे महादेवाची स्थापना झाली. भंडारा आणि भामचंद्र या डोंगरांप्रमाणेच येथेही तुकोबा एकांतासाठी येत, अशी परंपरा आहे.

२/ एप्रिलच्या उन्हातून लेण्यात शिरताच गारवा जाणवतो, तर थंडीच्या पहाटे ऊब. ‘पूर्वजांचे वातानुकूलन’ म्हणून याचे कौतुक होते. ते कितपत खरे?

३/ कातळातून उष्णता अतिशय सावकाश सरकते. दिवस-रात्रीचा फरक अर्ध्या मीटरच्या आतच जवळजवळ विरतो. ऋतूंची लाट मात्र सुमारे १९ पट खोल जाते, कारण ही खोली कालावधीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि ३६५ चे वर्गमूळ सुमारे १९ आहे.

४/ याची पद्धतशीर मोजणी १८३७ मध्ये एडिंबरा येथे जेम्स फोर्ब्स यांनी सुरू केली. कॅल्टन टेकडीच्या ‘ट्रॅप’ खडकात त्यांनी ३, ६, १२ आणि २४ फ्रेंच फूट खोलीवर तापमापक पुरले. आपला सह्याद्रीही ट्रॅपचाच.

५/ सर्वांत खालचा तापमापक ऐन हिवाळ्यात सर्वाधिक तापमान दाखवी. उन्हाळ्याला तेथवर पोहोचण्यास जवळजवळ सहा महिने लागत. १८६० मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी याच नोंदींना फूरियेचे गणित लावून खडकाची उष्णतावाहकता काढली.

६/ या गुणधर्माचा हेतुपूर्वक वापर कॅनडातील ओकोटोक्स येथे दिसला. २००७ पासून ५२ घरांसाठी उन्हाळ्यातील सौर उष्णता ३५ मीटर खोल अशा १४४ विवरांत साठवली जाई. हिवाळ्यातील ९० टक्क्यांहून अधिक गरज त्यातून भागे. यंत्रणा जुनी झाल्यावर २०२४ मध्ये ती बंद करण्यात आली.

७/ लेणी खोदणाऱ्यांना भिक्षूंच्या वर्षावासासाठी निवारा हवा होता आणि शिलालेखांत नोंद आहे ती दानांची. गारवा त्यांनी नक्कीच अनुभवला असेल. पण अनुभवणे, मोजणे आणि साठवून परत काढणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीलाच तिसरी म्हटले, तर पूर्वजांचा गौरव होत नाही. इतिहास मात्र पुसट होतो.

८/ चाकणच्या पत्र्याच्या शेडखालीही हाच खडक आहे. तेथील गरज उलटी आहे: हिवाळ्याचा गारवा मे महिन्यासाठी जपण्याची. गणित मात्र तेच लागू पडते.