बीड जिल्ह्यातील हिपॅटायटिस बी लसीकरण

हिपॅटायटिस बी लसीकरण हे यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस बी विषाणूपासून संरक्षण देणारे लसीकरण होय. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्यात ही लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमांतर्गत बालकांना मोफत दिली जाते. ऊसतोडीसाठी होणाऱ्या हंगामी स्थलांतरामुळे या जिल्ह्यात सर्व मात्रा वेळेवर पूर्ण करणे हा विशेष महत्त्वाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

हा विषाणू रक्त व शरीरद्रवांतून, तसेच प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला पसरतो. जन्माच्या सुमारास संसर्ग झालेल्या सुमारे ९० टक्के बालकांमध्ये तो दीर्घकालीन होतो. प्रौढांमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी असते. दीर्घकालीन संसर्गातून पुढे यकृताचा सिऱ्हॉसिस किंवा कर्करोग होऊ शकतो. भारतात २००२-०३ मध्ये निवडक शहरे व जिल्ह्यांत या लसीचा प्रायोगिक वापर सुरू झाला. २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि २०११ मध्ये देशभर तिचा विस्तार झाला. कालांतराने बालकांच्या पुढील मात्रा पेंटाव्हॅलेंट या एकत्रित लसीतून देण्यात येऊ लागल्या.

वेळापत्रक

पहिली मात्रा जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत दिली जाते. त्यानंतर ६, १० व १४ आठवड्यांच्या वयात पेंटाव्हॅलेंट लसीच्या तीन मात्रा दिल्या जातात. आई बाधित असल्यास बाळाला जन्मतःच लसीबरोबर दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही दिले जाते. यासाठी गरोदरपणातील रक्ततपासणी आवश्यक असते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या तपासणीचा समावेश आहे.

हंगामी स्थलांतर

जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर गावी परततात. जन्मापासूनच्या चारही मात्रा सुमारे साडेतीन महिन्यांत येतात. त्यामुळे हंगामाच्या प्रारंभी जन्मलेल्या बाळाचे संपूर्ण वेळापत्रक गावाबाहेरच पार पडू शकते. प्रसूती फडावर किंवा कोपीत झाल्यास जन्ममात्रा चुकण्याची शक्यता अधिक असते. रुग्णालयातील प्रसूतीत ती तत्काळ देता येते. उर्वरित मात्रा मुक्कामाच्या ठिकाणच्या कोणत्याही शासकीय लसीकरण सत्रात घेता येतात. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत असल्यास आधीच्या मात्रांची खातरजमा होते. एखाद्या मात्रेस विलंब झाला तरी मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही.

सुरक्षितता

ही लस यीस्ट पेशींत तयार केलेल्या विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनापासून बनवली जाते. तिच्यात जिवंत विषाणू नसल्याने लसीमुळे हिपॅटायटिस होत नाही. सुई टोचलेल्या जागी दुखणे व सौम्य ताप हे सामान्य परिणाम आहेत. आधीच्या मात्रेची किंवा यीस्टची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना ती देत नाहीत. तीव्र ॲलर्जी क्वचितच उद्भवते. तथापि तत्काळ उपचार करता यावेत म्हणून लाभार्थीला ३० मिनिटे केंद्रावर थांबवले जाते.

लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवली जाते. ती गोठल्यास निकामी होते. त्यामुळे उन्हाळ्यातही कुपीचा बर्फाशी थेट संपर्क टाळावा लागतो. एकदाच वापरता येणारी एडी सिरिंज वेष्टनातून लाभार्थीसमोर काढली जाते आणि वापरानंतर हब कटरने तिची सुई कापली जाते. या दक्षतेचे कारण विषाणूच्या प्रसारातच आहे: २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात सुया व सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बीची साथ पसरून अनेक मृत्यू झाले होते.

प्रौढांचे लसीकरण

प्रौढांना दंडात तीन मात्रा दिल्या जातात: पहिलीनंतर एका महिन्याने दुसरी आणि पहिलीनंतर सहा महिन्यांनी तिसरी. रक्ताशी संपर्क येणारे आरोग्य कर्मचारी, डायलिसिसवरील रुग्ण व बाधित व्यक्तींचे कुटुंबीय यांना लसीकरणाची विशेष शिफारस केली जाते. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांतील विद्यार्थी व परिचारिका याच जोखीम गटात मोडतात. आधीच झालेला संसर्ग लसीने बरा होत नाही. त्यामुळे जोखीम असलेल्या प्रौढांसाठी रक्ततपासणीही महत्त्वाची ठरते.