काचेची भिंत आणि मावशीची आंघोळ

आपल्या इतिहासकारांनी किल्ल्यांचे तट मोजले, बुरूज मोजले, तटांतल्या जंग्यासुद्धा मोजल्या. पण ज्या भिंतीआड हा सगळा समाज रोज सकाळी चार तांबे अंगावर घेतो, त्या न्हाणीच्या भिंतीची बखर काही कोणी लिहिली नाही. मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. इतिहासाशी माझा संबंध जुन्या बुडीत खात्यांपुरता. तरी हे काम माझ्याकडं आलं, कारण त्र्यंबकेश्वरची माझी मावशी ७८व्या वर्षी मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि मनगटाला प्लॅस्टर घालून घरी येताच तिनं जाहीर केलं, "मरण आलं तरी चालेल, पण आता अंधारात आंघोळ नको."

मावसभावानं लगेच बेत आखला. जुनी मोरी पाडायची, उंबरा काढून टाकायचा, सरळ चालत आत जायचं, वर शॉवर, आणि अंगणाच्या बाजूला काचेच्या विटांची भिंत. "काचेची भिंत" हे शब्द ऐकताच मावशी म्हणाली, "त्यापेक्षा अंधार बरा!" तिची समजूत घालायचं काम माझ्याकडं आलं. बँकेत रागावलेल्या खातेदारांची समजूत घालण्यातच माझी निम्मी नोकरी गेली आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तर इतिहास. स्नानाच्या बाबतीत त्र्यंबक म्हणजे हेड ऑफिसच. गंगा ब्रह्मगिरीवर उतरली, पण एका जागी ठरेना. इथं दिसावी, तिथं गुप्त व्हावी. कर्ज घेऊन पत्ता बदलणारे आमचे काही खातेदार असंच वागतात. शेवटी गौतम ऋषींनी तिच्याभोवती कुशांचं कडं घातलं आणि तिला अडवलं, तेच कुशावर्त. म्हणजे कथेप्रमाणे त्र्यंबकातल्या न्हाणीची पहिली भिंत गवताची, आणि तीही न्हाणाऱ्याला झाकायला नव्हे, तर पाण्याला धरून ठेवायला! पुढे १७५०च्या सुमारास होळकरांचे फडणीस रावजी आबाजी पारनेरकर यांनी तिथं दगडी कुंड बांधलं. उतरायला पायऱ्या आणि भोवती कमानींच्या ओवऱ्या. सिंहस्थात लाखो माणसं त्यात बुडी मारतात, पण आडोशाचा आग्रह कोणी धरत नाही. वर आल्यावर दोघी बायका एक लुगडं आडवं धरतात, तिसरी कपडे बदलते, की झालं न्हाणीघर.

(जाता जाता. त्र्यंबकेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली बांधायला घेतलं, ते १७८६ साली पुरं झालं. पेशवे १७६१ सालीच गेले. मावशीकडचं काम लांबलं तेव्हा आमचे मिस्त्री हाच दाखला द्यायचे.)

तीर्थाचं हे झालं. घरच्या आंघोळीचा इतिहास मात्र मावशीच्याच तोंडून ऐकावा. लग्न होऊन ती आली तेव्हा परसात आडाजवळ एक मोठा दगड होता आणि त्याच्याभोवती कुडाचा तट्ट्या. त्र्यंबकच्या पावसात तो दर वर्षी कुजून बसायचा. पुरुष मंडळी उजाडल्यावर आडाच्या काठी घागरी अंगावर ओतून मोठमोठ्यानं स्तोत्रं म्हणायची. बायकांनी मात्र पहाटे चारला उठून उरकायचं. "आम्हाला कुठली रे भिंत? अंधार हीच भिंत," मावशी म्हणाली. ती हे हसत म्हणाली. मी मात्र वहीत लिहिता लिहिता थांबलो.

पुढे पक्की मोरी झाली. चार भिंती आणि पोस्टकार्डाएवढा एक झरोका. त्यावर सासऱ्यांनी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा ठोकला. भिंत आली, पण अंधार काही नोकरीवरून गेला नाही.

आपल्याकडं काच आली ती या अंधाराशी लढायलाच. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. १९१६ साली ओगल्यांचा कारखाना सुरू झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत पोचला. तो मावशीच्या मोरीच्या खुंटीवरही होता. तापल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की काच तडकायची, आणि सासू तिच्या आधी.

तिकडं स्वित्झर्लंडमध्ये फाल्कोनिए नावाच्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, बाटली फुगवावी तशी काचेची पोकळ वीट फुगवली होती. पुढे यंत्रावर दोन अर्ध्या वाट्या ओतून, तापलेल्या असतानाच एकमेकींना चिकटवायची रीत निघाली. १९३३च्या शिकागोच्या प्रदर्शनात तर एका कंपनीनं अशा विटांची इमारतच उभी केली. पण मावशीला पटली ती पॅरिसची गोष्ट. तिथं १९३२ साली एका डॉक्टरांचं काचेच्या विटांचं घर पुरं झालं. जुनं घर पाडायचं होतं, पण वरच्या मजल्यावरची म्हातारी भाडेकरीण जागा सोडीना. शेवटी तिचा मजला तसाच खांबांवर तोलून धरला आणि खाली काचेचं घर बांधलं!

"म्हातारी हलली नाही ना?" मावशीनं विचारलं.

"नाही."

"मग आणा विटा."

विटा आल्या. १९ सेंटिमीटर चौरस, ८ जाड, वजनाला अडीच किलोच्या आसपास. रुंदीला ७ आणि उंचीला १०, अशा सत्तर. मिस्त्रींनी पहिली वीट सवयीनं पाण्यात बुडवायला घेतली. मातीची वीट पाणी पिते, ही थेंब पीत नाही. त्यामुळं सांध्यातलं सिमेंट सावकाश धरतं. घाईनं थर चढवले तर खालच्या विटा घसरतात. दिवसाला चार थर, मग चहा. मध्ये बारीक सळया, कडेला लवचीक फट, कारण उन्हानं भिंत फुगते आणि काचेला दाटी सहन होत नाही. ही वीट तोडता येत नाही. अर्धी लागली की हिशोब चुकलाच! डोक्यावर छपराचा भारही ती घेत नाही. थोडक्यात, घरातल्या धाकट्या जावयासारखी. दिसायला छान, पण कामाचं ओझं टाकायचं नाही.

भिंत पुरी झाली त्या रात्री मावशीनं परीक्षा घेतली. मावसभावाला पूर्ण कपड्यांत आत उभं केलं, दिवा लावला आणि शेजारणींना अंगणात बोलावलं. नागमोडी काचेतून एक करडा ढग हलत होता.

"हात वर कर रे!" मावशी ओरडली. ढगाला शिंग फुटलं.

"कोण आहे ते तरी कळतं का?" तिनं विचारलं. एक शेजारीण म्हणाली, "म्हैस असेल." भिंत पास झाली.

आता पूर्वेकडच्या घराच्या कौलांवरून ऊन नऊच्या सुमारास त्या भिंतीवर येतं आणि न्हाणीत पाण्यासारखं हलतं. मावशीनं साठ वर्षांची पहाटेची आंघोळ नवावर आणली आहे. स्टुलावर बसून ती अर्धा-पाऊण तास न्हाते. पाहुण्यांनी आपापल्या आंघोळी त्याआधी उरकून घ्याव्यात, असा नियम आहे.