यकृतशोथ, विषाणुजन्य

विषाणूंमुळे यकृताला येणारी सूज. ‘कावीळ झाली’ म्हटल्याने निदान होत नाही. कावीळ हे लक्षण आहे, आणि ए, बी, सी, डी, ई यांपैकी विषाणू कोणता यावर प्रतिबंधाची दिशा ठरते. दिल्लीची १९५५-५६ ची साथ याचा बोलका पुरावा आहे. यमुनेतून घेतलेल्या पाण्यात सांडपाणी शिरले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. शुद्धीकरणात तुरटी व क्लोरीन वाढवल्याने विषमज्वर बळावला नाही, विषाणू मात्र निसटला. साथ ‘ए’ची समजली गेली, पण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या १९८० च्या अभ्यासाने तो समज मोडला. पुढे या साथीमागचा ‘ई’ विषाणू ओळखला गेला. गर्भवतींना तो जीवघेणा ठरू शकतो, म्हणून पाण्याविषयी संशय येताच ते उकळून प्यावे.

बी, सी आणि डी यांना पाण्याची गरज नाही. दूषित सुई, न तपासलेले रक्त, प्रसूतीवेळी आईकडून बाळाला होणारा संसर्ग हे त्यांचे मार्ग. ‘बी’ लैंगिक संबंधांतूनही सहज पसरतो. एका ताटात जेवल्याने तो होत नाही, त्यामुळे रुग्णाला वेगळे बसवणे निव्वळ अन्याय आहे. जन्मानंतर २४ तासांत दिलेली लस बाळाला ‘बी’पासून वाचवते आणि त्यावर जगणाऱ्या ‘डी’लाही रोखते. ‘सी’वर लस नाही, पण गोळ्यांनी तो बहुतेकांत पूर्ण बरा होतो.

झाडपाल्याने कावीळ उतरते, असा दावा केला जातो. प्रत्यक्षात ए आणि ई बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. श्रेय मात्र झाडपाल्याला मिळते. ‘बी’ आणि ‘सी’ मात्र वर्षानुवर्षे मुकाट राहून यकृत कठीण करू शकतात. ते रक्ततपासणीनेच कळते.